कुंपणापलीकडचा उंदीर

(परळ गाव, मुंबई, १९०७)

अहो वहिनी, जरा वईपाशी या. तुमच्या सासूबाई ओसरीवर नाहीत ना? मग बरं. काल पहाटे आमच्या शेवग्याखाली उंदीर पडला होता. तुमच्या वईपासून हातभर आत. मी आपलं सांगतेय हो, दुसरं काही नाही.

उंदीरवाला आला, चिमट्यानं उचलून डब्यात टाकला, वर चिठ्ठी: घर कोणाचं, तारीख कुठली. म्हटलं, "मेलेल्याची पत्रिका कशाला रे मांडतोस?" तर म्हणतो, "बाई, माणसं लपवतात, उंदराला कोण लपवतो?" बघा तोंड मेल्याचं! पण खोटं कसं म्हणू? १८९६ साली मांडवीत गाठीचा ताप निघाला, माझं माहेर तिथलंच. आजारी सापडला की इस्पितळात, नि तिथं उलटं टांगून अंगातलं तेल, मोमियाई, काढतात अशी आवई. दारावर आजाऱ्यागणिक गोल काढायचे. काकांनी आत्याला कणगीमागं घोंगडीखाली निजवलं. तपासनीस आले नि ती कण्हली, तर काका खड्या आवाजात रामरक्षा म्हणायला लागले. गोल चुकला. आत्या काही वाचली नाही.

म्हणून साहेब आता उंदरांची वही ठेवतात. लाटसाहेबाच्या जुन्या बंगल्यात, हो तोच, जिथं त्यांची मडम १८८२ साली पटकीनं गेली. आता तिथं लस करतात, उंदीर चिरतात. ह्यांचा भाचा तिथं शिपाई आहे. तो सांगतो, आधी गटारातले मोठे उंदीर पडतात, दहाएक दिवसांनी घरातले, नि मग आणखी तेवढ्याच दिवसांनी आपली पाळी. सगळी करणी पिसवांची. आजाराच्या घरात बिनशेपटीचे विलायती उंदीर मोकळे सोडतात नि मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजतात! तसलाच एक पिंजऱ्यात घालून जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, तो मेला. दोन फुटांवर टांगलेला जगला. पिसूची उडी ती केवढी! ऐकलं त्या रात्रीपासून मी बाजेवर निजते. हे चटईवरच. पुरुषांना कोण सांगणार?

लस टोचून घेऊ म्हणता? ती काढणाऱ्या हाफकिनसाहेबानं १८९७ साली आधी स्वतःला टोचून घेतलं, हे मान्य. पण १९०२ साली पंजाबात टोचल्यावर १९ माणसं धनुर्वातानं गेली, ते ऐकलंत ना? माझं मन दोन्हीकडे धावतं.

तर काय सांगत होते... वहीत आमच्या नावावर एक उंदीर चढला, तुमच्या नावावर एकही नाही. चढू दे बापडा. पण वहिनी, तो चिंधीत गुंडाळलेला होता. आणि चिंधी तुमच्या त्या हिरव्या खणाची. उंदीरवाला यायच्या आत मी काठीनं ओढून चुलीत घातली, ह्यांनासुद्धा बोलले नाही.

आता खरं सांगा, घरात किती पडले? आणि सासूबाई दोन दिवस ओसरीवर का दिसत नाहीत?