पुढचं बघायचंय!

नारायणगावात सकाळच्या चहाला निवृत्तांची एक जात जमते. या मंडळींना मरणाचं भय नसतं. आपल्यामागे पुढं काय झालं ते कळणार नाही, एवढाच त्यांना घोर. आमचे तात्या त्यातले म्होरके. पाटबंधारे खात्यात कारकून होते. कुकडीच्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार, हे नोकरीभर एकाही शेतकऱ्याला त्यांना धड सांगता आलं नाही. पण इसवी सन ३००० मध्ये माणूस काय खाईल, कुठं राहील, हे बशीतला चहा निवायच्या आत सांगतात.

“एवढंच बघायचंय, मग खुशाल न्या,” हे त्यांचं पालुपद. हे ‘एवढंच’ मात्र सारखं लांबतं. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू झोपेत हुकला, म्हणून २०६१ पर्यंतचा मुक्काम आधीच पक्का होता. २०२३ च्या ऑगस्टात चंद्रयान उतरलं आणि मुदत थेट मंगळावर वस्ती होईपर्यंत वाढली. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून जाणार म्हटल्यावर तीही यादीत आली. पुढे खोडदच्या दुर्बिणीला अडथळा नको म्हणून मार्गच बदलायचं ठरलं, तेव्हा तात्यांनी रेल्वे काढून मंगळाच्या खाली टाकली.

त्या दुर्बिणीवर त्यांचा राग नाही, तक्रार आहे. गोविंद स्वरूप यांनी खोडदला उभी केलेली ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, तेव्हा शाळेच्या पोरांच्या रांगेत तात्या पुढे. एकदा तिथल्या एका तरुण मुलीनं समजावून सांगितलं, की ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी इथं टिपल्यात. तात्या म्हणाले, “म्हणजे सगळा जुनाच माल! पुढचं काही येतं का?” त्यांचंही खरंच आहे म्हणा. नाणेघाटात सातवाहनांचा लेख, शिवनेरीवर महाराजांचा जन्म, आळ्याला वेद बोललेल्या रेड्याची समाधी. आमच्या तालुक्यात मागचं रग्गड. पुढचं बघायचं तर फार तर टोमॅटोचा उद्याचा भाव, आणि तोही कुणाला कळत नाही.

हा ध्यास पुस्तकं वाचून आलेला नाही, हे पाणी गावचं आहे, असं माझं मत. तमाशातल्या विठाबाईंचं गाव हे. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. गण झाला, गवळण झाली, बतावणी रंगली, आणि वग उभा राहायच्या वेळी कुणी बखोट धरून “चला घरी” म्हटलं, तर इथला माणूस हलेल का? माणूसजातीची आत्ता कुठं बतावणी चाललीय, असं तात्या म्हणतात. (रात्रीच्या बातम्या पाहिल्या की मलाही पटतं.)

वगापर्यंत टिकायचं म्हणून उपाशीपोटी मेथीचं पाणी, वर कारल्याचा रस. पहाटे फिरायला जायचे, पण उसात बिबट्या दिसल्यापासून ऊन वर आल्याशिवाय पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. दोन्ही मुलं वाटपाचं विचारून थकली. “मी कुठं चाललोय? एवढी घाई काय?” हे उत्तर ठरलेलं.

काकूंनी एकदाच तोंड उघडलं. “चांगदेव चौदाशे वर्षं जगले, आणि शेवटी एवढ्याशा मुक्ताईला गुरू करावं लागलं. तुम्ही आत्ताच नातीचं ऐका, बीपीची गोळी घ्या.” तात्यांनी मुकाट्यानं घेतली.

नोव्हेंबर आला की मात्र तात्यांची पंचाईत होते. पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. मागच्या खेपेला यंत्र त्यांचा अंगठा काही केल्या ओळखेना. पुसून झाला, ओला करून झाला, मग दुसरा लावून झाला. मागं रांग वाढत चाललेली. अखेर काउंटरवरच्या ताईंनी कागदी फॉर्म पुढं सरकवला. तात्यांनी सही केली आणि हळूच विचारलं, “ताई, हा दर वर्षीचा हेलपाटा कशाला? तीन हजार सालापर्यंतचा एकदमच घेता नाही का येणार?”

ताईंनी वर न बघता शिक्का मारला. “तेव्हाचा तेव्हा आणा, तात्या. येताना आधारची झेरॉक्स विसरू नका.”