शुद्धलेखनात नापास, जगात पास

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा त्यात एक रकाना मराठीचा आणि एक इंग्रजीचा असे. त्या इंग्रजी रकान्यात ‘ओके’ हा शब्द कुठे आलाय का, हे शोधायच्या भानगडीत कुणी पडू नये. तो नाहीच. कारण तोवर तो जन्मालाच आला नव्हता. आज ज्या शब्दावाचून मराठी माणसाला फोन ठेवता येत नाही (‘चला मग, ओके, ओके, हो, ओके’), तो मराठी वृत्तपत्रापेक्षा सात वर्षांनी धाकटा आहे.

त्याचा जन्मही वर्तमानपत्रातलाच, आणि तोही थट्टेत झालेला. १८३८-३९च्या सुमारास अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात वृत्तपत्रवाल्यांना आद्याक्षरांचं वेड लागलं होतं. नुसती आद्याक्षरं घेण्यात मजा नाही, म्हणून आधी शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवायचं आणि मग त्या बिघडलेल्या शब्दाची आद्याक्षरं घ्यायची, असा उद्योग. ‘ऑल राइट’चं झालं ‘ओ. डब्ल्यू.’ आणि ‘नो यूज’चं झालं ‘के. वाय.’! २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये एका चेष्टेखोर मजकुरात अशीच दोन अक्षरं छापून आली. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे सगळं बिनचूक, हे लिहिताना ‘ए’च्या जागी ‘ओ’ आणि ‘सी’च्या जागी ‘के’ घातला आणि त्याचं झालं ‘ओ. के.’. ‘सगळं बिनचूक’ या दोन शब्दांत दोन चुका! आपल्याकडे एखाद्या मास्तरांच्या हाती हा मजकूर पडला असता, तर लाल शाईचा गोळा पडून प्रकरण तिथेच मिटलं असतं.

बाकीची भावंडं वर्षा-दोन वर्षांत गेली. ‘ओ. के.’ वाचला तो राजकारणामुळे. १८४०च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. ते न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहुक गावचे, म्हणून समर्थक त्यांना ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत. त्याचीही आद्याक्षरं तीच. लगेच ‘ओ. के. क्लब’ निघाले, घोषणा झाल्या. विरोधकही काही कमी नव्हते. त्यांनी त्याच दोन अक्षरांचे खिसा रिकामा झाल्यापासून महासंकटापर्यंत वाटेल ते अर्थ लावले. शिवाय, माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे आणि तेच कागदपत्रांवर असं लिहीत, अशी कंडी पिकवली. व्हॅन ब्युरेन हरले. शब्द निवडून आला.

पुढे तारखात्याने आणि रेल्वेने तो उचलला. संदेश पोचला, वाचला, कळला, एवढं सगळं दोन अक्षरांत सांगता येत असेल तर तारमास्तर आणखी काय मागणार?

गंमत अशी, की शब्द जगभर पसरला आणि त्याचं मूळ मात्र लोक विसरले. मग ज्याला जी भाषा येत होती, तिच्यातून त्याने ते शोधून दिलं. ग्रीकांनी ‘ओला काला’ पुढे केलं. त्याचा अर्थ ‘सगळं छान’, आपल्या गोपाळकाल्याशी संबंध नाही. स्कॉटिश लोकांना त्यात आपला ‘ऑख आय’ ऐकू आला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले विद्वान गृहस्थ. त्यांची खात्री होती, की हा चॉक्टॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेतला शब्द आहे. म्हणून ते सरकारी कागदांवर ‘ओके’चं स्पेलिंग वेगळं, शेवटी ‘एच’ लावून, करत. मुळात चुकीच्या स्पेलिंगवर उभ्या असलेल्या शब्दाचं स्पेलिंग सुधारणारा हा बहुधा जगातला सर्वांत मोठ्या हुद्द्याचा माणूस. हा घोळ निस्तरला कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन वॉकर रीड यांनी. जुनी वर्तमानपत्रं चाळून त्यांनी १९६३-६४मध्ये लेखांची मालिकाच लिहिली आणि शब्द बॉस्टनच्या त्या थट्टेपर्यंत नेऊन पोचवला. तरीही ग्रीक आजोबा अजून ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

संगणकाच्या पडद्यावर ‘ओके’चं बटण कसं आलं, याचीही एक कथा ॲपल कंपनीच्या जुन्या मंडळींनी सांगून ठेवली आहे. ‘लिसा’ या संगणकावर आधी त्या जागी ‘डू इट’ लिहिलं होतं. चाचणीला बसलेला एक माणूस ते बटण काही केल्या दाबेना. विचारलं तेव्हा तो चिडून म्हणाला, ‘मी काही मठ्ठ नाही!’ त्या ठशात मधलं मोठं ‘आय’ त्याला ‘एल’सारखं दिसत होतं आणि ‘डू इट’ऐवजी तो ‘डोल्ट’, म्हणजे ठोंब्या, असं वाचत होता. बटणावर ‘ओके’ आलं. त्यात कुणाचाही अपमान नव्हता.

कुणाचा अपमान नाही आणि कुणाची स्तुतीही नाही. इंग्रजीत त्याला समानार्थी शब्द ढीगभर आहेत, पण प्रत्येकाच्या पोटात काहीतरी असतं. ‘व्हेरी वेल’मध्ये थोडा नाइलाज, ‘अग्रीड’मध्ये कराराचा वास, ‘फाइन’मध्ये कधी समाधान तर कधी धुसफूस. ‘ओके’ बिचारा कोरा. साहेब बिल ओके करतात, तब्येत ओके असते, गाडी ओके चालते, वरून ओके मिळतो. क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, नाम, जे म्हणाल ते. पण पोह्यांची बशी पुढे ठेवून ‘कसे झालेत?’ असं विचारल्यावर जो ‘ओके’ म्हणतो, त्याने दुसऱ्या बशीची आशा सोडावी. पुण्यात ‘वाईट नाहीत’ म्हणतात, तेही याहून वरच्या दर्जाचं.

मराठीचं याबाबतीत कधी अडलेलं नव्हतं. ‘बरं’ एवढाच शब्द घ्या. ‘बरं.’ म्हणजे मान्य. ‘बरं?’ म्हणजे पुढे काय झालं? ‘बरं बरं’ म्हणजे आता पुरे. ‘बरं का’ म्हणजे नीट ऐका, आणि शेजाऱ्याची नवी गाडी खांबाला घासली की ‘बरं झालं!’. पण ओकेशी खरी सोयरीक जुळते ती ‘चालेल’ची. ‘चहा की कॉफी?’ ‘काहीही चालेल.’ इथे चालायचं ते चहाने. बोलणारा खुर्चीतून हलत नाही. होकार तर दिला, पण जबाबदारी कपावर टाकली. अशी सोय इंग्रजीतही नाही.

एवढं घरचं असताना आपण ओकेही ठेवून घेतलं. २०२२च्या जूनमध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा गुवाहाटीहून केलेला फोन गाजला. त्यातली झाडी, डोंगार आणि हाटील लोकांना पाठ झाली, पण वाक्याला खरा ठेका दिला तो ‘एकदम ओके’ने. तिथे ‘उत्तम’ घालून पाहा, वाक्य लगेच कीर्तनाला बसतं.

ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ तर हायवेवरचं आद्य साहित्य. त्यातला ओके कुठून आला, यावर एक पंथ म्हणतो की दुसऱ्या महायुद्धात गाड्या रॉकेलवर चालत, ते सुचवायला. दुसरा म्हणतो, ती ओके नावाच्या साबणाची जाहिरात. पुरावा दोघांकडेही ढाब्यावरच्या गप्पांचा. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने एप्रिल २०१५मध्ये व्यापारी वाहनांवर हा मजकूर लिहायला बंदी घातली, कारण तो वाचून मागचे विनाकारण हॉर्न वाजवतात. मजकूर नसला की मागचे गप्प बसतात, हे मात्र नंतर मुंबई-पुणे रस्त्यावर कुणाला आढळलेलं नाही.

बोटांच्या ओकेचं जरा जपून. अंगठा आणि तर्जनी जोडून केलेली गोल खूण जपानात पैशांची समजली जाते, फ्रान्समध्ये तिचा अर्थ शून्य होऊ शकतो आणि ब्राझीलमध्ये ती चक्क शिवी आहे. पाण्याखाली मात्र हीच खूण ‘सगळं ठीक’ सांगते. मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला जाणाऱ्यांनी हे घोकून जावं. रंगीत मासा दिसला की आपल्याला आनंदाने अंगठा वर करायची सवय असते, आणि पाणबुड्यांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. प्रशिक्षक खरोखरच वर नेतो. तेव्हा मासे बघायचे असतील, तर अंगठा तर्जनीला चिकटवून ठेवा.