सिसिलीत फळे कशी खावीत : सहकुटुंब प्रवाशांसाठी नियमावली

भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर निघालेल्या मराठी कुटुंबाजवळ दोन कागद असतातच. पहिला सहलीच्या कार्यक्रमाचा. त्यात ग्रीकांची देवळे, एटना ज्वालामुखी आणि ‘मोकळा वेळ’ यांची तासवार वाटणी असते. दुसऱ्या कागदावर आधी जाऊन आलेल्या मावशींच्या अक्षरात एकच ओळ असते : ‘तिथली फळं सोडू नका.’ कोणती फळे, कोणत्या महिन्यात, कोणत्या साली आणि सालीसकट की सोलून, याबाबत मावशी गप्प असतात. ती उणीव भरून काढण्यासाठी पुढील नियम. ते सर्व वयोगटांना लागू आहेत. आजोबांना विशेष लागू आहेत.

नियम १ : रजा साहेबांकडून मंजूर करून घेण्याआधी झाडाकडून मंजूर करून घ्यावी

शाळकरी मुले असलेल्या घराला लांबच्या सहलीची सवड वर्षातून दोनदाच मिळते, मे महिन्यात आणि दिवाळीत. सिसिलीतल्या झाडांना हे अजून कुणी कळवलेले दिसत नाही. मे महिन्यात तिथे लाल संत्र्यांचा हंगाम आटोपत आलेला असतो, लोकाट ऐन भरात असतात, स्ट्रॉबेरी मिळते आणि महिना संपता संपता तुती काळी पडू लागते. द्राक्षे नसतात, डाळिंबे नसतात, निवडुंगाला नुसती फुले असतात. जुलैत पालेर्मो शहर आपल्या सांता रोझालियाचा उत्सव करते, तेव्हा कलिंगडाचा रस पिठी घालून घट्ट करतात, त्याला जाईचा वास लावतात आणि वर चॉकलेटचे कण बिया म्हणून पेरतात. हा ‘जेलो’ खायचा, तर शाळा बुडते. दिवाळीत पारडे फिरते. निवडुंगाची बोंडे आणि डाळिंबे हजर, पण संत्री हिरवी.

पिस्त्याचे प्रकरण याहून कडक आहे. एटनाच्या उतारावरल्या ब्रोंते गावचा पिस्ता वर्षाआड उतरवतात. विषम सालात, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. सम सालात शेतकरी कळ्याच खुडून टाकतात आणि झाडाला विसावा देतात. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी सनाला दोनाने भागून पाहावे. बाकी शून्य उरल्यास पिस्त्याचे आइसक्रीम खाऊन समाधान मानावे.

नियम २ : हापूस घरी ठेवावा, शक्य झाल्यास तोंडातही आणू नये

मे महिन्यात देवगडची पेटी मागे टाकून निघणे जिवावर येते, हे मान्य. परंतु १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात सामानातून ताजी फळे न्यायची, तर वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. सूट फक्त पाच फळांना आहे : अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन. म्हणजे ज्याच्या वासाने विमान रिकामे व्हावे ते डुरियन दाखल्याशिवाय चालते आणि हापूस चालत नाही. याला दुःखाचा इतिहासही आहे. फळमाशी सापडल्यावरून युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यालाच दार बंद केले होते. ते २०१५ च्या जानेवारीत उघडले.

सिसिलीत आंबा पिकतच नाही, असेही नाही. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर लिंबाच्या बागा मोडून काहींनी आंबे लावले आहेत. केन्सिंग्टन प्राइड, कीट, टॉमी ॲटकिन्स अशी साहेबी नावे; तोड उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत झाडावरचा आंबा मिळाला, तर तो निमूट खावा. ‘आमच्याकडे...’ या शब्दाने सुरू होणारे वाक्य फोड संपेपर्यंत उच्चारू नये.

नियम ३ : बाजारात हात मागे बांधावेत

पालेर्मोचा बल्लारो हा बाजार पाहताच पुण्याच्या मंडईची आठवण होते. विक्रेते सुरात ओरडत असतात; या आरोळीला तिथे ‘अब्बान्नियाता’ असे खास नाव आहे. इथपर्यंत सगळे ओळखीचे. ओळख संपते ती फळाला हात लावताना. चार फळे दाबून, दोन हुंगून, एक देठाशी खुडून पाहायचे आणि पाचवे विकत घ्यायचे, या आपल्या पद्धतीला तिथे किंमत नाही. फळ विक्रेता निवडतो. गिऱ्हाइकाने फक्त ‘मेत्सो कीलो’, म्हणजे अर्धा किलो, म्हणावे आणि आज खायचे की उद्या, एवढे सांगावे. सुपरमार्केटात स्वतः निवडायची मुभा असते. मात्र आधी तिथला प्लास्टिकचा हातमोजा चढवावा लागतो.

आजोबांना हे पटत नाही. पन्नास वर्षे अंगठ्याने दाबून ज्यांनी घरात एक आंबट फळ येऊ दिले नाही, त्यांना प्लास्टिकच्या मोज्यातून काय कळणार? अशा वेळी आजोबांना कलिंगडाच्या ढिगापाशी उभे करावे आणि लक्ष ठेवावे.

नियम ४ : लाल संत्र्याने लाल होण्याची हमी दिलेली नाही

सिसिलीच्या लाल संत्र्याला १९९६ पासून युरोपीय भौगोलिक मानांकन आहे. जाती तीन : तारोक्को, मोरो, सांग्विनेल्लो. मोरो सर्वांत गडद, जांभळ्या रक्ताच्या रंगाचे. तारोक्को सर्वांत गोड आणि रंगाच्या बाबतीत सर्वांत लहरी. कापल्यावर कधी आत चार तांबूस रेघा निघतात, कधी काहीच नाही. यात दुकानदाराने फसवलेले नसते. संत्र्यातला लाल रंग जांभळातल्या रंगाच्याच जातीचा असतो आणि तो थंडीने चढतो. एटनाभोवतीच्या मैदानात हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडाका, अशी तफावत असते. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी यामागचे ‘रूबी’ नावाचे जनुक दाखवून दिले. त्याला जागे करायला गारठा लागतो. उबदार हिवाळ्यात रूबीबाई झोपून राहतात.

फळ चाखताना कुटुंबातल्या मराठीच्या शिक्षकांनी पुढील माहिती द्यावी. संस्कृत नारंग, आपले नारिंग, फारसी नारंग, अरबी नारंज आणि इटालियन अरांचा हे एकच घराणे. अरबांचे सैन्य ८२७ साली सिसिलीत उतरले आणि त्यांच्या राजवटीत कडू नारिंग, लिंबू आणि पाटाचे पाणी बेटावर रुजले. बागेतल्या हौदाला तिथला शेतकरी आजही अरबी वळणाचे ‘जेब्बिया’ म्हणतो आणि लिंबू-संत्र्याच्या फुलाला ‘झागारा’. गोड संत्रे नंतर आले. युरोपात त्याचा बोलबाला पोर्तुगीजांमुळे झाला, म्हणून सिसिलीच्या बोलीत त्याला ‘पार्तुआल्लू’ हेही नाव आहे. सोबत गोव्याचे पाहुणे असल्यास त्यांनी येथे भावुक होऊ नये.

तिथल्या पद्धतीने संत्र्याच्या चकत्यांवर कांदा, ऑलिव्ह तेल, मीठ आणि मिरपूड घालून जेवणात वाढतात. ही कोशिंबीर होय. साखर मागू नये.

नियम ५ : न्याहारीला बर्फ खावा

बर्फाचा गोळा सकाळी आठ वाजता मागितला, तर आपल्याकडे घशाच्या डॉक्टरांचे नाव निघते. सिसिलीत उन्हाळी न्याहारीच ग्रानीताची. गोळ्यात किसलेल्या बर्फावर सरबत ओततात, म्हणून दोन चोखण्यांत रंग संपतो आणि मागे पांढरा बर्फ उरतो. ग्रानीतात फळाचा रस आणि साखर एकत्र गोठवताना सतत ढवळतात, म्हणून चव तळापर्यंत टिकते. पूर्वी यासाठी एटनावरचा बर्फ खड्ड्यांत साठवून उन्हाळ्यात खाली आणत. सोबत लोणीदार पाव मिळतो, त्याच्या डोक्यावर छोटा गोळा असतो. त्याला ‘तुप्पो’ म्हणतात, म्हणजे अंबाडा. आधी अंबाडा तोडून बुडवावा, मग उरलेला पाव.

मे महिन्याच्या शेवटी गेलेल्यांनी काळ्या तुतीचे ग्रानीता मागावे. त्या दिवशी पांढरा सदरा घालू नये. हा नियम आहे, सूचना नव्हे.

लोकाटाला तिथे ‘नेस्पोला’ म्हणतात. पालेर्मोजवळचे त्राबिया गाव त्यासाठी नावाजलेले आहे. झाड मूळचे चीनचे, इटालियन नावात उल्लेख जपानचा आणि खाणारे सिसिलीचे. शरदात फुलते, वसंतात पिकते. सालीवर तपकिरी डाग पडलेली फळे बहुधा जास्त गोड असतात. डागांमुळे ती बाजूला सारणाऱ्या प्रवाशाला विक्रेता मनातल्या मनात दुवा देतो आणि ती घरी नेतो.

नियम ६ : सुकलेल्या लिंबाला पाणी घालायला धावू नये

जूनपर्यंत रेंगाळलेल्या प्रवाशाला किनाऱ्यावर माना टाकलेल्या लिंबाच्या बागा दिसतात. पाने मलूल, माती भेगाळलेली, जवळच हौद भरलेला आणि शेतकरी सावलीत बसलेला. शहरी माणसाचा जीव कळवळतो. विदर्भातला संत्रेवाला मात्र लगेच ओळखतो : हा ताण आहे. पाणी तोडायचे, झाडाला घाबरवायचे आणि मग एकदम भरपूर पाणी द्यायचे, की ते फुलांवर येते. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार असाच धरतात. सिसिलीत हा ताण उन्हाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत देतात. त्यानंतरच्या फुलांची फळे पुढच्या उन्हाळ्यात हाती येतात, जेव्हा बाजारात लिंबू दुर्मीळ असते. हिरवट रंगामुळे त्यांना ‘वेर्देल्ली’ म्हणतात. दोन प्रदेशांनी झाडाला छळायची एकच युक्ती शोधली, यावर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचे चहावर सहज जमेल. दुभाष्याची गरज पडणार नाही.

नियम ७ : भारताचे म्हणून भारताच्या पद्धतीने तोडू नये

दिवाळीच्या सुट्टीतले मुख्य फळ ‘फिकोदिंदिया’. शब्दशः भारताचे अंजीर. प्रत्यक्षात ते मेक्सिकोचे. कोलंबसाला अमेरिका म्हणजे हिंदुस्थान वाटला, त्याचे खापर या फळाच्या नावावर फुटले. आपल्या फड्या निवडुंगाचे हे सख्खे भावंड. लहानपणी माळावर ज्याची बोंडे खाऊन जीभ लाल केली, तेच.

त्यामुळे रस्त्याकडेचे झाड दिसताच घरातले मोठे काका गाडी थांबवायला सांगतात. येथे हा नियम कडकपणे पाळावा. मोठे काटे दिसतात, म्हणून ते निरुपद्रवी. खरा शत्रू केसाएवढे बारीक काटे. ते झुबक्यांनी असतात आणि नुसत्या स्पर्शाने बोटात शिरतात. तिथले लोक जाड हातमोजे घालून पहाटे, दवाने काटे ओलसर असताना तोडणी करतात. काकांसाठी चिकटपट्टी आणि चिमटा जवळ ठेवावा.

उत्तम फळ मिळवायची रीत लिंबाच्या तोडीची आहे. मेअखेर ते जूनमध्ये शेतकरी निवडुंगाची पहिली फुले सरळ झोडून टाकतात. बिचारे झाड पुन्हा फुलते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठी, रसाळ, कमी बियांची फळे देते. या दुसऱ्या बहाराच्या फळांना ‘बास्तार्दोनी’ म्हणतात. अर्थ मुलांनी विचारल्यास विषय बदलावा. पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन जाती असतात. सोलताना दोन्ही टोके कापावीत, उभी चीर द्यावी आणि साल गालिच्यासारखी उलगडावी. बिया गिळायच्या असतात. मात्र एका बैठकीत डझनभर खाल्ल्यास त्या पोटात एकत्र येऊन ठिय्या आंदोलन करतात. इसबगोलाचे पाकीट सामानात असावे.

नियम ८ : हिवाळ्यात जमल्यास महाळुंगाला नमस्कार करून मीठ लावावे

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले महाळुंग ओळखणाऱ्याला सिसिलीत ‘चेद्रो’ पाहून क्षणभर हात जोडावेसे वाटतात. फळ डोक्याएवढे असू शकते, रस नावाला, आणि सगळी मजा जाड पांढऱ्या सालीची. तिच्या चकत्या करून मीठ लावून खातात. आत रस शोधत बसलेला प्रवासी हास्यास्पद दिसतो.

नियम ९ : ताजे फळ परत आणता येत नाही, म्हणून खोटे आणावे

भारतातही दाखल्याशिवाय ताजी फळे आणायला मनाई आहे. पण यावर पालेर्मोच्या जोगिणींनी फार पूर्वीच तोड काढली. ११९४ मध्ये एलोइसा मार्तोरानाने स्थापन केलेल्या मठाची गोष्ट अशी सांगतात : बडे धर्माधिकारी भेटीला येणार होते आणि बागेतली झाडे उघडी होती. जोगिणींनी बदामाचा गोड लगदा करून त्याची संत्री, लिंबे वळली, रंगवली आणि फांद्यांना टांगली. आज ‘फ्रुत्ता मार्तोराना’ या नावाने ही मिठाई २ नोव्हेंबरच्या पितरांच्या दिवसासाठी दुकानांत रचलेली असते. त्या दिवशी सिसिलीतले पितर मुलांना खाऊ देतात, अशी समजूत आहे. आपल्याकडे व्यवहार उलटा असतो. पालेर्मोच्या मिठाईवाल्यांकडे ती इतर महिन्यांतही मिळते.

मेमध्ये गेलेल्या कुटुंबाने एक टोपली घ्यावी. तिच्यात अंजीर, डाळिंब, निवडुंगाचे बोंड, लाल संत्रे असे सगळे महिने शेजारी शेजारी बसलेले असतात. घरी पोचल्यावर ती टेबलावर उघडावी आणि आजोबांना सर्वांत आधी बोलवावे. ते चष्मा लावतात, एकेक फळ न्याहाळतात, अंजीर उचलून नाकाशी नेतात. वास बदामाचा येतो, पण त्यावर त्यांचा विश्वास नसतो. मग सवयीने अंगठा दाबतात. अंजिराला खोल खळगा पडतो. आजोबा ते हळूच टोपलीत परत ठेवतात, खळगा खालच्या बाजूला करून, आणि शेजारचे डाळिंब उचलतात.