मेन्शनराव

शहापूर-मुरबाडकडे दर पाच-सात वर्षांनी नवा एजंट उगवतो. माणूस तोच, बॅग वेगळी. आधी तो विम्याचा होता. मग साखळी योजनेतल्या प्रोटीन पावडरचे डबे घेऊन ऐन जेवणाच्या वेळी नातेवाइकांकडे जाऊ लागला, आणि नातेवाईक दिवेलागणीलाच कडी लावू लागले. समृद्धी महामार्गाची मोजणी आली तसा तो प्लॉटवाला झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोवर विकण्यासारखं जे काही होतं ते त्याच्याहून चलाख मंडळींनी विकून टाकलं होतं. मग त्याने लॅपटॉप उघडला. या अवतारातल्या माणसाला आम्ही मेन्शनराव म्हणतो. आसनगावपासून टोकावड्यापर्यंत कुठेही सापडेल.

मेन्शनरावांचं वय सव्वीस-सत्तावीस, लग्न व्हायचंय, आणि व्यवसाय रजोनिवृत्तीचा.

म्हणजे असं, की पाळी जायच्या वयातल्या बायकांसाठी कुठल्याशा कंपनीची एक गोळी आहे. शतावरी, सोयाबीनचा अर्क, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सगळा बाजार एका डबीत. आता बायका दुकानात विचारण्याआधी फोनमधल्या एआयला विचारतात, अशी कंपनीची समजूत आहे. तेव्हा एआय आपल्या गोळीचं नाव घेतो का, किती वेळा घेतो, पहिल्यांदा घेतो की चार जणांच्या मागून, हे 'मेन्शन' रोज मोजायचं. इंग्रजीतली मोजणी सॉफ्टवेअर करतं. मराठीतली मेन्शनरावांकडे आली, कारण ठाण्याच्या एजन्सीला खेड्यातली बाई कशी बोलते ते कळणारा माणूस हवा होता.

साधनांची ददात नाही. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी फुकट दिलं, ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने जेमिनाय दिलं, नोव्हेंबरात चॅटजीपीटीचं स्वस्त खातंही वर्षभरासाठी मोफत झालं. मुरबाडला असल्या गोष्टींचं वावडं कधीच नव्हतं. डिसेंबर २०१६ मध्ये तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. रेल्वे तेवढी यायची राहिली.

सकाळी चहा झाला की मेन्शनराव ओटीवर बसून बाई होतात. 'मी ४७ वर्षांची, मुरबाडची गृहिणी. वर्ष झालं पाळी नाही. रात्री अंगातून वाफा निघतात. काय घेऊ?' मग शहापूरची अंगणवाडी सेविका. मग खर्डीहून लोकलने कल्याणला जाणारी कारकून, जिची डब्यात चिडचिड होते. (चिडचिड कसाऱ्याच्या लोकलमुळेही होऊ शकते, पण त्याची गोळी निघालेली नाही.) प्रत्येक उत्तराची एक्सेलमध्ये नोंद: तारीख, कोणता एआय, नाव आलं का, कितवं आलं, सूर कसा, आधार कुठला. सकाळी तिसऱ्या नंबरावर असलेली गोळी संध्याकाळी त्याच प्रश्नाला गायब असते. या यंत्राचं उत्तर दर वेळी नव्याने जुळवलं जातं, पुढचा शब्द शक्यतेच्या हिशेबाने निवडला जातो, तेव्हा यादी हलणारच. मेन्शनराव यावर खचत नाहीत. "सँपल वाढवायचं," म्हणतात, आणि पुन्हा पदर सावरून बसतात.

नोंदींत त्यांची खरी उदार वृत्ती दिसते. एकदा एआयने स्वच्छ सांगितलं, की अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ च्या आपल्या निवेदनात वाफांसाठी असली पूरकं घेण्याची शिफारस केलेली नाही. या नावाच्या गोळीबाबतही पुरेसा पुरावा नाही. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेन्शनरावांनी नोंद केली: 'नाव आलं – होय. क्रमांक – १.' डबीवर कायद्याप्रमाणे 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं, ते दाखवलं तर म्हणाले, "ते पॅकेजिंग डिपार्टमेंट."

दुसऱ्या एका एआयने ही गोळी मुरबाड परिसरात लोकप्रिय असल्याचं परस्पर ठोकून दिलं. मेन्शनराव हर्षभरित होऊन मेडिकलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "नाव आजच ऐकतोय. किती डब्या देऊ शकता, क्रेडिटवर?"

धंद्याचे धोके त्यांनाही आहेत. स्वतःच्या खात्यावरूनच बाई होत राहिल्याने फोनने ते मनावर घेतलंय. माहुली किल्ल्याचा रस्ता विचारला तर तो आधी गुडघ्यांची चौकशी करतो. आयपीएलचा स्कोअर विचारला तर सामना सांगून झाल्यावर रात्री खोली थंड ठेवायला आणि चहा कमी करायला सुचवतो. म्हसोबाच्या यात्रेला गर्दी किती असेल, असं विचारलं तेव्हा "या वयात स्वतःसाठी वेळ काढताय, छान वाटलं," असं उत्तर आलं.

सगळ्यात अवघड जातं ते लग्नाच्या बोलणीत. या विद्येला जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात, हे नाव २०२३ च्या एका शोधनिबंधातून रूढ झालं आणि त्याच्या लेखकांत आयआयटी दिल्लीचा माणूसही होता, एवढं मेन्शनरावांच्या काकांनी पाठ केलंय. सरळगावच्या स्थळाकडे ते म्हणून झालं. मुलीच्या वडिलांनी पोह्यांवरचा हात थांबवला.

"म्हणजे पोरगा नेमका बघतो काय?"

"मेनोपॉजचं बघतो," मेन्शनराव म्हणाले.

वडील उठून बैल बघायला गेले. मुलीची आई मात्र पोह्यांची दुसरी बशी घेऊन आली, दाराकडे एकदा बघितलं आणि जवळ बसली. "भाऊ, मला दोन वर्सं झाली. रातच्याला झोप म्हणून नाय. आवणीला वाकले की डोळ्यांपुढं अंधारी. आशाताई म्हणते रक्त तपासा, आमचे हे म्हणतात नाटकं. काय करू?"

रोज दिवसभर खोट्या बायका होऊन यंत्राला जे विचारायचं, ते खऱ्या बाईने मेन्शनरावांना विचारलं होतं. त्यांनी लॅपटॉप उघडला.

"काकू, तुम्ही हे टाइप करून विचारता की बोलून?"

काकूंनी बशी उचलली. स्थळ मोडलं. पण 'रातच्याला झोप म्हणून नाय' हे वाक्य एजन्सीत फार वाखाणलं गेलं आणि त्याचे चार नवे प्रश्न तयार झाले. काकू पुढे ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्त तपासून आल्या, हिमोग्लोबिन खाली होतं. हे मला आशाताईंकडून कळलं, एक्सेलमध्ये त्याला रकाना नाही.

मी हे व्यक्तिचित्र लिहितोय हे समजताच मेन्शनराव घरी आले. एआय छापील आणि संकेतस्थळांवरच्या लेखांतूनच नावं उचलतो, तेव्हा गोळीचं नाव एकदा, फक्त एकदा, घ्या अशी गळ घातली. शिव्या दिल्यात तरी चालेल म्हणाले. मी नकार दिला. मग त्यांनी मसुदा मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला, 'रजोनिवृत्ती' आणि 'शहापूर' हे शब्द आणखी जवळ आणता येतील का ते विचारलं, आणि जाता जाता मोबाइलवर नोंद केली: 'स्थानिक लेख. नाव आलं – नाही. सूर – नकारात्मक. पुन्हा पाठपुरावा करणे.'