प्रिन्स्टन नको गं बाई!

"काय काकू, फाउंडेशनला पाणी?"

"हो बाई. प्लेनोची ही चिकणमाती. उन्हात आक्रसली की भिंतींना तडे. पण ते जाऊ दे. तुम्ही म्हणे भाड्याने द्यायला घर बघताय?"

"तुमच्यापर्यंत पोचलंसुद्धा? अजून ठरलं नाहीये. आपल्या टेक्ससातल्या प्रिन्स्टनला नवी कोरी घरं आहेत, स्वस्त आहेत, ह्यांना फार आवडलीत."

"नको गं बाई प्रिन्स्टन! २०२४ मध्ये वाढीच्या टक्क्यात अख्ख्या अमेरिकेतल्या शहरांत पहिलं आलं ते. इतकं फुगलं की सिटीनेच त्याच वर्षी नव्या वसाहतींच्या परवानग्या रोखल्या. रस्ते, पाणी पुरेना. आणि तुझ्या घराशेजारी तस्संच घर भाड्याला काढून बसलेले चार जण. भाडं आधी कोण पाडतो, एवढंच बघायचं."

"मग घ्यायचं कुठे?"

"कोपऱ्यावरचं आजींचं घर विकायला निघालंय ना. किचन बघून नाक मुरडशील, पण शाळा चालत जाण्याइतकी जवळ. पोरंबाळंवाला भाडेकरू शाळा बघून येतो, ग्रॅनाइट बघून नाही."

"आणि टॅक्सही कमी आहे त्याचा. साइटवर बघितला मी."

"अगं, तो आजींचा टॅक्स! राहत्या घराची होमस्टेड सूट, करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांवर वाढवायची नाही, त्यात पासष्टी उलटल्यामुळे शाळेचा कर गोठवलेला. तू घेऊन भाड्याने दिलंस की यातलं काही तुला नाही. टेक्ससात पगारावर राज्याचा इन्कमटॅक्स नाही म्हणून आपण खूश, पण ते घरातून वसूल करतात. बाजारभावावर २ टक्के धरून हिशेब कर."

"म्हणजे चार लाखांच्या घराला वर्षाचे आठ हजार डॉलर?"

"थोडे कमी बसतील, पण आठच धर. बाहेरच्या नव्या वसाहतींत कधीकधी वर मडचा, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा, टॅक्सही असतो. रस्त्या-गटारांचं कर्ज घरमालकांनी फेडायचं! आणि एचओएचे, म्हणजे घरमालक संघाचे, कागद वाच. काही ठिकाणी पहिलं वर्षभर भाड्याने देताच येत नाही."

"बापरे! आजींच्या घराचं छप्पर कसं आहे हो? गारांनी वाट लागते."

"एजंटला विचार, कधी बदललं ते. विमेवाले आधी तेच विचारतात. रविवारी ओपन हाउस आहे, जाऊ आपण दोघी."

"हे पण येतील ना!"

"येऊ दे, पण त्यांना आत बोलू देऊ नकोस. त्यांना सगळंच आवडतं."