नवाचे दीड

परदेशी शिक्षणावरचा आमच्या घराचा विश्वास पहिल्यांदा डळमळला तो गणितामुळे. लेक मेकॅनिकलला, सीजीपीए दहापैकी नऊ. जर्मनीतल्या विद्यापीठात एका सेमिस्टरच्या एक्सचेंजसाठी अर्ज करायचा, तर हे गुण त्यांच्या मापात बसवावे लागतात. त्याचं एक बव्हेरियन सूत्र आहे. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करा, जास्तीत जास्त आणि पासापुरते गुण यांच्यातल्या फरकाने भागा, तिनाने गुणा आणि वर एक मिळवा. पासाला चार धरले की नवाचे होतात दीड. तिकडे एक म्हणजे अव्वल आणि पाच म्हणजे नापास, हे लेकीने आजीला दोनदा समजावलं. आजी मूळची वर्ध्याकडची. लग्न होऊन भिलाईला आली, पण बोली तिकडचीच राहिली. ती म्हणाली, "इथं नऊ भेटून रायले, तं दीडासाठी तितक्या दूर कायले जातं व?"

हथखोजच्या इंडस्ट्रियल एरियात माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. तिथे प्लेट दोन एमएमने कमी भरली तरी माल परत येतो. त्यामुळे मी आईच्या बाजूने होतो, पण बोललो नाही. फी भरणाऱ्याने मत देऊ नये, असा घरातला नियम आहे.

आमच्या घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिली नव्हे. 2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला, भिलाईत दहा लाख टनांचा पोलाद कारखाना ठरला आणि इथल्या माणसांना प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवायला सुरुवात झाली. त्यात माझे वडील होते. त्यांना कोणी मोटिव्हेशन लेटर मागितलं नाही. त्यांचं मोटिव्हेशन दोन सरकारांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. डॉक्टरने छाती तपासली, जाड ओव्हरकोट मिळाला, आणि वडील बर्फात जाऊन उभे राहिले.

लेकीला मात्र 'मला तुमच्याच विद्यापीठात का यायचं आहे' यावर पानभर लिहायचं होतं. मराठी घरात वाढलेल्या मुलीला स्वतःबद्दल पानभर चांगलं लिहिता येत नाही. पहिला मसुदा तिसऱ्या ओळीतच आभारप्रदर्शनाकडे वळला. त्यातून शिफारसपत्राची तऱ्हा अशी की सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." तिने लिहिलं, 'विद्यार्थिनी बरी आहे.' सरांनी वाचलं आणि तिच्या वतीने तिच्यावरच रागावले. शेवटी स्तुतीचं काम आजीकडे गेलं. आजी बोलत गेली, लेक इंग्रजीत उतरवत गेली. त्यातलं 'दिसायलाही बापासारखी नाही' हे वाक्य तेवढं माझ्या विनंतीवरून गाळलं.

मग आलं लर्निंग ॲग्रीमेंट. तिकडे कोणते विषय घेणार आणि इकडे ते कशाच्या बदल्यात धरणार, यावर विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि घेणारं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या लागतात. तिकडचं पूर्ण सेमिस्टर तीस क्रेडिटचं आणि एका क्रेडिटमागे पंचवीस ते तीस तासांचं काम, तेही घरी बसून केलेला अभ्यास धरून. आमच्याकडे घरी केलेल्या अभ्यासाची नोंद फक्त आई घेते. शिवाय त्यांचं विंटर सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होऊन मार्चअखेर संपतं, आणि तोवर आमचं पुढचं सेमिस्टर निम्मं झालेलं असतं. हे कसं जुळवायचं, असं विभागात विचारलं तर उत्तर मिळालं, "आधी एनओसी आणा." एनओसी देणारा विभाग तोच होता.

यावर लेकीने मला इरॅस्मसची गोष्ट सांगितली. युरोपने 1987 मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना काढली, तिला या डच पंडिताचं नाव चिकटलं आहे. तो पॅरिस, केंब्रिज, तुरिन, बाझल असा आयुष्यभर हिंडला. पण मठाची दीक्षा घेतलेली असल्यामुळे मठाबाहेर राहायला त्यालाही परवानगी लागायची, आणि 1517 मध्ये ती थेट पोप दहाव्या लिओकडून आली. म्हणजे एनओसीची परंपरा पाचशे वर्षांची आहे. फरक इतकाच, की पोप जेवायला गेले आहेत असं इरॅस्मसला कोणी सांगितल्याची नोंद नाही.

इंग्रजी बोलण्याची परीक्षा म्हणजे परीक्षकासमोर अकरा ते चौदा मिनिटं. एक विषय चिठ्ठीवर येतो, मिनिटभर विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. घरी सराव घेताना मी विषय दिला: तुमच्या परिसरातली शांत जागा. लेकीने मिनिटभर विचार केला आणि सांगितलं की हथखोज 17 सप्टेंबरला शांत असतं; त्या दिवशी विश्वकर्मापूजेसाठी मशिनी बंद असतात आणि फक्त लाउडस्पीकर चालू असतात.

पैशाचा भाग मी आईपासून लपवून ठेवला होता. जर्मन व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते. स्कॉलरशिप नसेल तर ब्लॉक्ड अकाउंट उघडायचं, महिन्याला 992 युरो या हिशेबाने. पैसे आपले, खातं आपलं, पण तिकडे पोहोचल्यावर ते आपल्यालाच दरमहा पगारासारखे मिळणार. शिवाय माझ्या उत्पन्नाचा पुरावा. आमचे सीए इतकी वर्षं माझी मिळकत किती तुटपुंजी आहे हे कळकळीने मांडत आले होते. आता तीच मिळकत बघून जर्मनीला धीर आला पाहिजे, हे ऐकून ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, लेक परत येणार हे पटवून द्यायचं. प्रत्येक जाणकार हेच बजावत होता. शेडवरचा म्हातारा मिस्त्रीही ग्राइंडर बंद करून विचारायचा, "नोनी लहुट के आही न, सेठ?" त्याला मी वडिलांचा दाखला द्यायचो. तेही परत आले होते, येताना एक सामोवार आणि अर्ध्या गल्लीला पुरतील इतक्या बाहुलीत बाहुल्या घेऊन. पण बापाचा सामोवार पुरावा म्हणून जोडायला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

फायलीचा हा गठ्ठा बघून आईने एकदाच रास्त प्रश्न केला. "अदलाबदल आहे ना? तं मंग त्यायची पोरगी आपल्याकडं कधी येते?"

कोणी उत्तर देईना, तेव्हा तिने स्वतःच अटी ठरवायला घेतल्या. एक तरी महिना मेचा पाहिजे, म्हणजे ऊन काय असतं ते कळेल. भाषेची परीक्षा सुपेल्याच्या बाजारात, भेंडीचा भाव करून. प्रात्यक्षिकाला ठेचा. फोटो कसाही चालेल. बँकेचा कागद नको, आपल्याकडे जेवणाचे पैसे लागत नाहीत. मी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि परत जाण्याचा पुरावा?"

"तो नाई मांगायचा," आई म्हणाली. "पोरगी चांगली निंगाली, तं वापस कायले धाडायची?"