आठ दिवसांचा गावकरी

मला गावाची ओढ सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लागते. त्या वेळी मी तोक्योच्या तोझाई लाइनवर किबा आणि मोन्झेन-नाकाचो या दोन स्टेशनांच्या मध्ये कुठेतरी, एका अनोळखी गृहस्थाच्या काखेत नाक खुपसून उभा असतो. जपानी लोक गर्दीसुद्धा टक्क्यांत मोजतात. शंभर टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा किंवा धरायला कडी, दांडा असं काहीतरी मिळतं. 2019 साली आमच्या या टप्प्याचा आकडा 199 होता. म्हणजे डोंबिवली फास्टच, फक्त कोणी भांडत नाही. भांडण नसलेली गर्दी मनाला जास्त खाते. निदान ‘ओ भाऊ, सरका की पुढे’ एवढं म्हटलं तरी माणूस मोकळा होतो.

राहायला मी निशिकासाईला. वायटूकेच्या भानगडीसाठी आलेले भारतीय इंजिनिअर इथेच स्थिरावले आणि मग त्यांच्यामागून हिंग, तूरडाळ आणि आम्ही आलो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडं महिन्याला एक लाख सत्तर हजार येन. बाल्कनीत तुळस, आणि तुळशीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. पंधरा वर्षं झाली या भिंतीकडे बघत. अशा माणसाने रात्री अकरा वाजता झोपून जायला हवं. मी मात्र अकिया बघत बसायचो.

अकिया म्हणजे रिकामं घर. 2023 च्या सरकारी पाहणीत जपानभर अशी नव्वद लाख घरं निघाली. साधारण सात घरांमागे एक. म्हातारी माणसं गेली, मुलं शहरात, घर तसंच. गावच्या कचेऱ्या अशा घरांची यादी ठेवतात. त्या यादीत मला नागानोच्या डोंगरातलं एक घर सापडलं. जाड तुळया, उतरतं छप्पर, मागे परसू, पुढे भाताचं खाचर. किंमत पाच लाख येन. आमचं तीन महिन्यांचं भाडं! मी बायकोला उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडला, म्हणाली, “संडास कुठाय?” आणि डोळा मिटला.

पण मला आता कोण थांबवणार? तोक्यो सोडून गावी जाणाऱ्या कुटुंबाला सरकार दहा लाख येनपर्यंत देतं, लेकरामागे आणखी दहा लाखांपर्यंत. तीन वर्षांच्या आत पळून आलात तर सगळे परत करायचे, पाच वर्षांच्या आत आलात तर निम्मे. ही अट वाचूनच मी सावध व्हायला हवं होतं. लोक पळून येत नसते तर कोणी अशी पायरी-पायरीची अट कशाला घातली असती? घराला लागून असलेलं खाचर घ्यायचं तर कृषी समितीची परवानगी लागते, हेही कळलं. त्याचं मला काही वाटलं नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि मी तर जन्माने शेतकरी. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या सातबाऱ्यावर तेवीस चुलतभावांच्या खाली माझंही नाव आहे. आणि आमच्या एदोगावा वॉर्डातून 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. मराठी माणूस इथे नगरसेवक होऊ शकतो, तर मी भात का लावू शकत नाही? हा युक्तिवाद मी बायकोपुढे मांडला तेव्हा ती भांडी घासत होती. ती म्हणाली, “त्यांनी निवडणुकीआधी प्रचार केला होता. तू आधी कुंडीत कोथिंबीर लावून दाखव.”

तडजोड अशी ठरली की एकदम उडी मारायची नाही. बऱ्याच गावांत हौशी लोकांसाठी चाचणीचं घर असतं. आठवडाभर नाममात्र भाड्यात राहायचं, गाव बघायचं, गावाने तुम्हाला बघायचं. कांदेपोह्यांचाच कार्यक्रम, फक्त पोहे आपणच करायचे. कचेरीतल्या बाईंनी फोनवर विचारलं, “मे महिन्यात याल की फेब्रुवारीत?” मी बाणेदारपणे फेब्रुवारी सांगितला. गाव खरं कसं असतं ते कठीण दिवसांतच कळतं, वगैरे. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. जपानी माणूस गप्प बसला की तो ‘नको’ म्हणत असतो, हे मला पंधरा वर्षांत कळलेलं आहे; ऐन वेळी आठवत नाही एवढंच.

शिंकान्सेनने ईयामाला जेमतेम दोन तासांत पोचलो. त्या भागातल्या मोरिमियानोहारा नावाच्या स्टेशनाशेजारी एक उंच खांब आहे. 12 फेब्रुवारी 1945 ला तिथे 7.85 मीटर बर्फ साचला होता, त्याची ती खूण. ही माहिती मी निघण्याआधी वाचली होती आणि वाचून “वा, पोरीला स्नोमॅन करता येईल” असं म्हणालो होतो.

आमच्या वेळी दीडच मीटर होता. घराच्या खिडक्या निम्म्या गाडलेल्या. कचेरीतल्या बाईंनी रॉकेलचा हीटर दाखवला, कचऱ्याच्या पिशव्या दाखवल्या (प्रत्येक पिशवीवर आपलं नाव लिहायचं, म्हणजे गावाला कळतं कोण किती चिप्स खातं) आणि शेवटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला एक कॉक दाखवला. रात्री झोपताना तो बंद करायचा आणि मग घरातले सगळे नळ उघडायचे, म्हणजे पाइपांत हवा शिरून पाणी जमिनीखाली उतरतं आणि गोठत नाही. मी मान डोलावली. जपानी भाषेची दुसऱ्या पातळीची परीक्षा पास झालेला माणूस मान फार छान डोलावतो.

रात्री उणे नऊ. मी कॉक बंद केला. पण नळ उघडे ठेवायला हात धजेना. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला झोपताना नळ उघडा ठेवणं म्हणजे काय असतं! पहाटे पाणी येतं, घर भरतं, जिन्यावरून खाली उतरतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. आमच्या घरात या एका अपराधासाठी मी मार खाल्लेला आहे. मी बाईंचं म्हणणं मनातल्या मनात दुरुस्त केलं, सगळे नळ घट्ट पिळून बंद केले आणि झोपलो.

सकाळी घरात पाण्याचा थेंब नाही. पाइपाला कान लावला तर थंडीने कानच चिकटतो की काय असं वाटलं. आदल्या रात्रीचं पाणी किटलीत होतं. ते हीटरवर ठेवून खळखळ उकळलं आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या पाइपावर ओतायला किटली उचलली, तोच पाठीमागून “दामे! दामे! दामे!” अशी आरोळी आली. शेजारच्या आजी. वय त्र्याऐंशी, उंची माझ्या खांद्याच्या बरीच खाली. दामे म्हणजे ‘नाही, चालणार नाही’. आजींनी किटली माझ्या हातातून काढून घेतली, तिच्यात मूठ-मूठ बर्फ टाकून पाणी कोमट केलं, एक जुना टॉवेल पाइपाभोवती गुंडाळला आणि बाळाला न्हाऊ घालावं तशी वरून बारीक धार सोडली. उकळतं पाणी ओतलं असतं तर पाइप तडकला असता. वीस मिनिटांनी नळ आधी खोकला, मग शिंकला, मग वाहायला लागला. आजी म्हणाल्या, “झोपताना नळ उघडे ठेवायचे असतात.” मी म्हटलं, “हो, माहीत आहे.” का म्हटलं, कोण जाणे.

दुपारी त्यांनी नोझावानाचं लोणचं आणून दिलं. सलगमच्या जातीचा लांब पाल्याचा प्रकार, मिठात मुरवलेला. बायकोने तो धुऊन, पिळून, बारीक चिरून लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि शेंगदाण्याचं कूट घातलं. थेट मुळ्याच्या पाल्याची भाजी. वाटीभर आजींकडे पाठवली. वाटी रिकामी परत आली, आणि सोबत आणखी दोन किलो पाला. त्या आठवड्यात गावाशी कोणाचं जमलं असेल तर ते बायकोचं.

माझा संबंध आला तो बर्फाशी. तो उपसायला तिथे एक साधन आहे, मामासान डम्प. नाव ऐकून मला गहिवरून आलं, पण इथे आपल्या मामांचा काही संबंध नाही. जपानीत मामा म्हणजे आई. घरातल्या बाईमाणसालाही सहज वापरता यावं असं मोठं सुपड्यासारखं फावडं, त्याला दोन हातांची कमान. युक्ती एवढीच की उचलायचं नाही, ढकलत न्यायचं. आजी ते बाबागाडीसारखं फिरवत होत्या. मी पहिल्याच खेपेला पुरुषार्थाने उचललं. पाठीत अशी काही चमक भरली की मी काटकोनात राहिलो.

तरी काटकोनातल्या माणसालाही ढकलता येतं. दाराशी ढीग वाढायला लागला तेव्हा तो टाकायचा कुठे, हा प्रश्न आला. शेजाऱ्याच्या हद्दीत टाकायचा नाही, रस्त्यावर टाकायचा नाही. रस्त्याच्या कडेला झाकणं असलेलं सिमेंटचं गटार होतं. सकाळी आजींनी झाकण उचलून त्यात बर्फ टाकलेला मी पाहिला होता, आणि खालून धो-धो पाणी वाहत होतं. मी अकरा वाजता झाकण उचललं. पाणी दिसलं नाही. म्हटलं, येईल. आणि तासभर इमानदारीत गटार भरत राहिलो. ठासून. मुलगी वरून नाचली, म्हणजे आणखी मावेल.

त्या गटारात ठरलेल्या वेळीच पाणी सोडतात. प्रत्येक आळीची वेळ ठरलेली असते. आमच्या आळीची पुढची वेळ एक वाजताची होती. एक वाजता वरून पाणी आलं, माझ्या बंधाऱ्याला अडलं, आणि वरच्या अंगाच्या तीन घरांपुढे तळं झालं. सिंचनाच्या खात्यालाही इतक्या कमी वेळात इतकं भक्कम धरण बांधता आलं नसतं. चार म्हातारे लांब काठ्या घेऊन आले. चौघांच्या वयाची बेरीज सव्वातीनशेच्या घरात. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. ते नुसते खुपसत राहिले. मी प्रत्येकापुढे जाऊन वाकलो. वाकलो म्हणजे, वाकलेलाच होतो. फक्त समोर जाऊन उभा राहिलो. पाठ सरळ होतच नव्हती. जपानात माफी मागताना जितकं खोल आणि जितका वेळ वाकाल तितकी ती मनापासूनची. गावाच्या इतिहासात एवढी खोल आणि एवढी लांबलेली माफी कोणी मागितली नसावी. एका आजोबांचा तर कंठ दाटून आला. “तरुण माणसं गावात येतात, बरं वाटतं,” ते म्हणाले. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.

रात्री कोतात्सूत, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलाच्या दुलईत पाय घालून, पाठीला बाम चोळून घेत असताना आईचा फोन आला. डोंबिवलीत बत्तीस अंश. तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेते, मधे बोलत नाही, ही तिची पद्धत.

“म्हणजे रिकामं घर आहे, छप्पर गळतं, माणसं सगळी म्हातारी, आणि पाण्याची बोंब,” ती म्हणाली.

“हो, पण आई, निसर्ग...”

“अरे, मग संगमेश्वरचं काय वाईट आहे? तिथे बर्फ तरी नाही. मागच्या गणपतीला माळ्यावर वाळवी निघाली. तुला फोटो पाठवला होता, तू अंगठा पाठवलास.”

मी रेंज गेल्याचं सांगितलं. आईने विश्वास ठेवल्याचं सांगितलं.

आठवा दिवस उजाडला. कचेरीतल्या बाईंनी एक फॉर्म दिला: आपल्या गावी कायमचं यायला आवडेल का? हो, नाही, विचार चालू आहे. बायको माझ्या हाताकडे बघत होती. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली. स्टेशनवर आजी निरोप द्यायला आल्या, लोणच्याची पिशवी देऊन गेल्या आणि जाता जाता त्यांनी मला काहीतरी विचारलं. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

शिंकान्सेनमध्ये मी लॅपटॉप काढला, तर बॅगेतून त्याच्यासोबत एक पाठकोरा पुठ्ठा बाहेर आला. वर कागद पकडणारी क्लिप. पहिल्या संध्याकाळी हा आमच्या दाराच्या कडीला लटकवलेला होता. मला वाटलं, घरातल्या सामानाची यादी असेल. उंचीला बरोबर होता म्हणून आठवडाभर ऑफिसच्या मीटिंगसाठी लॅपटॉपखाली ठेवला होता.

मुलगी इथल्या सरकारी शाळेत जाते. तिची चित्रलिपी माझ्यापेक्षा पक्की. तिने पुठ्ठा हातात घेतला आणि म्हणाली, “बाबा, हा काइरानबान आहे.”

काइरानबान म्हणजे गावकीचं सूचनापत्र. एका घराने वाचायचं, आपल्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायचं. गावाच्या बातम्या अशाच फिरतात.

“पहिला कागद,” ती वाचायला लागली, “गटारात पाणी सोडण्याच्या वेळा. आळीप्रमाणे.”

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

“दुसरा कागद. थंडी वाढणार आहे, तर पाइपांची काळजी घ्या. नळ उघडे ठेवायला विसरू नका.”

“पुरे,” मी म्हटलं.

“तिसरा आहे ना. ‘इंडियाहून एक कुटुंब आठवडाभर राहायला येत आहे. त्यांना इथल्या गोष्टी माहीत नसतील. ज्यांना हे पत्र मिळेल त्यांनी कृपया त्यांना मदत करावी.’”

आमच्या आधीच्या चार घरांचे शिक्के होते. चौथा आजींचा. पाचवा चौकोन आमचा, कोरा. पुढचे नऊही कोरे. ज्या तीन घरांपुढे मी तळं केलं ती याच नवांतली.

दुसऱ्या दिवशी पाचव्या चौकोनात कॅटाकाना लिपीतला माझा शिक्का मारला, चार ओळींची माफी लिहिली, बेसनाच्या लाडवांचा डबा जोडला आणि सगळं आजींच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवलं.

तीन आठवड्यांनी एक खोकं आलं. आत नोझावाना, आमचा रिकामा डबा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला एक कागद. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता गावातल्या सगळ्यांनी मिळून रस्त्याकडेचं गवत कापायचं आहे, त्याची ही यादी. शेवटचं नाव कॅटाकानात होतं. माझं. शेजारी पेन्सिलीने, आजींच्या अक्षरात: पाठ बरी असली तर.